बेकतूरच्या पायातली दोरी

कायद्याने शनिवारी प्रचाराला बंदी होती. रविवारी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, म्हणून आदल्या दिवशी साऱ्या देशाने तोंडाला कुलूप घालायचं. हा कायदा ज्याने केला त्याला सख्खा भाऊ नसावा, असं बात्माला सकाळपासून वाटत होतं.

अंगणात मोठी कढई चढली होती. कढईच्या उजव्या अंगाला तिचा नवरा सागिनाली, डाव्या अंगाला धाकटा दीर मेदेर, आणि दोघांमध्ये एकच कुऱ्हाड.

"तुझ्या दिराला सांग, कुऱ्हाड मला लागणार आहे."

"तुमच्या नवऱ्याला सांगा वहिनी, कुऱ्हाड वडिलांची आहे. म्हणजे दोघांची."

"सांग त्याला, दोघांची आहे तर दांडा घेऊन जा म्हणावं. पातं माझ्याकडे राहू दे."

"मी काय पोस्टमन आहे?" बात्मा म्हणाली. तिने कुऱ्हाड उचलली, स्वतःच दोन ओंडके फोडले आणि ती आपल्या पायाशी ठेवून दिली. बात्मा अंगापिंडाने दणकट होती आणि हसरी होती, पण हाताशी कुऱ्हाड असताना तिच्याशी हुज्जत घालण्याइतके ते दोघं खुळे नव्हते.

महिनाभर हेच चाललं होतं. सागिनाली गावच्या कालव्याचं पाणी वाटायचा, त्यामुळे ज्याने नदीवर धरण बांधलं त्या इंजिनियर उमेदवारावर त्याचा जीव. मेदेरची शहराला जाणारी प्रवासी व्हॅन होती, आणि उन्हाळ्यात एकदा पैलवान, म्हणजे दुसरा उमेदवार, तिच्यात बसला होता. ड्रायव्हरशेजारी बसला आणि सीटची स्प्रिंग तुटली. ती स्प्रिंग मेदेरने अजून बदलली नव्हती. बसणाऱ्याला टोचली की तो अभिमानाने सांगायचा, "सहन करा काका, ही राष्ट्राध्यक्षांनी मोडलेली आहे."

मग सागिनालीने व्हॅनवरचं पैलवानाचं पोस्टर फाडलं. मेदेरने दुसरं पोस्टर आणून ते सागिनालीच्या गाढवाच्या पाठीवर चिकटवलं. गाढव दिवसभर गावात हिंडलं. संध्याकाळी पैलवानाच्या कचेरीतून माणूस आला, की आमच्या नेत्याचा अपमान झाला. त्याच्या पाठोपाठ इंजिनियरच्या कचेरीतून आला, की तुमच्या गाढवाला प्रचार थांबवायला सांगा. गाव आठवडाभर पोट धरून हसलं. हसले नाहीत ते फक्त दोन भाऊ. त्या रात्री जेवताना शब्दाला शब्द लागला, आणि बापाच्या वेळेपासून एक असलेलं अंगण भिंत घालून दोन करायचं ठरलं. तेवढ्या एका बाबतीत मात्र दोघांचं लगेच एकमत झालं.

विटा फाटकाशी येऊन पडल्या. सफरचंदाच्या झाडापासून फाटकाच्या खुंटीपर्यंत गुडघाभर उंचीवर गवंड्याची पांढरी नायलॉनची दोरी ताणली गेली. निवडणूक संपली की सोमवारी पाया खणायचा. दोन भाऊ दिवसातून दहादा ती दोरी टांग उचलून ओलांडायचे आणि ओलांडताना एकमेकांकडे बघायचे नाहीत. बात्मा मुद्दाम तिच्यावर बेकतूरचे मोजे वाळत घालायची.

बेकतूर मेदेरचा मुलगा. बात्माला मूल नव्हतं. वीस वर्षांत झालं नाही, आणि आता होण्याचं वय सरलं होतं. मेदेरची बायको नुरपेरी शाळेत शिकवायची. बाळ चाळीस दिवसांचं झालं तेव्हापासून ती सकाळी त्याला बात्माच्या मांडीवर ठेवून जायची. बात्माच्या वेणीच्या टोकाला रुपेरी नाणी होती. ती मुठीत धरल्याशिवाय त्या पोराला झोप यायची नाही. भिंत झाली की मेदेरचं दार पलीकडच्या गल्लीत निघणार. मग पोराला आणायला गल्ली फिरून जायचं, फाटक ठोठावायचं, आणि मागायचं. मागायचं कशाच्या जोरावर? दिवसभर माणसांत हसत वावरणारी बात्मा या विचाराशी आली की हातातलं काम सोडून पोराला उचलून घ्यायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही.

आज बेकतूरची दोरी कापायची होती, म्हणून सासू झुराकान आपा या वेळी घरामागे लोकर घेऊन बसली होती. पोर चालायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या धाग्याची दोरी बांधायची, लोकांनी शर्यत लावून धावत यायचं, आणि पहिला येईल त्याने दोरी कापायची. ज्याच्या हातून कापली जाते त्याची चाल पोर घेतं, आणि त्याचा स्वभावही. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणूनच पंचाईत होती. पांढरा रंग इंजिनियरचा आणि काळा पैलवानाचा. सागिनाली म्हणाला पांढरा जास्त घाला, मेदेर म्हणाला काळा. आपाने दोघांना हाकलून दिलं आणि दोरी एकटीनेच वळायला घेतली.

बात्मा चहा घेऊन गेली तेव्हा तिला दोरी दिसली. "आपा, ही पोराची दोरी आहे की घोड्याचं दावं?"

"पोर धष्टपुष्ट आहे माझं," आपा म्हणाली आणि दोरी मांडीखाली सारली. "चहा ठेव आणि जा. आणि हो, मोजे वाळले होते. खिडकीत ठेवलेत."

पाहुणे यायला लागले तशी नुरपेरीही शाळेतून धावत आली. उद्याचं मतदान त्याच शाळेत होतं आणि ती केंद्राच्या समितीवर होती. गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत होतं. तिने बेकतूरचा मुका घेतला, नवऱ्याकडे पाहिलं, थोरल्या दिराकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज प्रचाराला बंदी आहे. दस्तरखानावर जो कुणी उमेदवाराचं नाव घेईल, धंदा सांगेल किंवा वजन सांगेल, त्याने उभं राहून गाणं म्हणायचं."

"वजनसुद्धा नाही?" मेदेर म्हणाला.

"म्हणा गाणं," नुरपेरी म्हणाली.

"अगं, मी कुणाचं नावच घेतलं नाही!"

"वजन कुणाचं आहे ते अख्ख्या देशाला माहीत आहे. उठा."

मेदेरला उठावं लागलं. त्याचा आवाज व्हॅनच्या गिअरसारखा होता. लोकांनी टाळ्या पिटल्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या कुमीसचे कटोरे फिरले, आणि तिथून जी गंमत सुरू झाली ती काही केल्या आवरेना. जमखान्यांवर दस्तरखानाची लांब चादर पसरली होती, तिच्यावर पिठाच्या तळलेल्या बोरसोकांचे ढीग पडले होते, आणि जो तो गाण्याला भिऊन तोंड सांभाळत होता; पण मनातलं बोलल्याशिवाय कुणाला घास उतरत नव्हता.

"मी नाव कुणाचं घेत नाही," शेजारची तुर्सुनाय मावशी म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "पण एकेक माणूस बोलतो तेव्हा वाटतं, विजेचं बिल वाचून दाखवतोय. धरणावर एवढी वीज केली म्हणे, मग हिवाळ्यात माझ्याकडे मेणबत्ती का जळते?"

"मावशी, गाणं!"

"म्हणते. मला काय गाण्याची लाज आहे?" आणि तिने लग्नातलं असं गाणं म्हटलं, की तरण्या सुनांनी माना खाली घातल्या.

सागिनालीच्या कपाळाची शीर उडत होती. त्याने कल्पाक टोपी सरळ केली. "मेणबत्ती जळते कारण लोक बिलं भरत नाहीत. देश चालवायला हिशेब यावा लागतो. मान जाड असून भागत नाही. सभेत रडून तर मुळीच भागत नाही. गडी भाषण करतो आणि रडतो, भाषण करतो आणि रडतो. त्याला काय कालव्यात सोडायचंय पाणी?"

हशा पिकला. मेदेरसुद्धा हसता हसता राहिला.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, ज्याला रडू येतं त्याला लोकांचं दुःख कळतं. आणि गाणं म्हणा म्हणावं."

"तुझ्या दिराला सांग, मी गात नाही."

"वहिनी, सांगा त्यांना, नियम म्हणजे नियम. हिशेबी माणसाने तर पाळायलाच हवा."

बात्मा मांसाचं ताट घेऊन मध्येच उभी होती. "तुम्ही दोघं माझ्या डाव्या-उजव्या कानात बोलता, आणि माझ्या डोक्यात तुमचे दोघांचेही उमेदवार कुस्ती खेळतात. गा हो, संपवा एकदाचं."

सागिनाली उभा राहिला आणि कुराणातली आयत म्हणावी तशा गंभीर आवाजात शाळेतलं कोंबड्याचं गाणं म्हणून खाली बसला. लोकांना हसून ठसका लागला. बात्मा तर कढईशी जाऊन डोळे पुसत बसली. वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला गाताना पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तो तिला त्या क्षणी फार आवडला.

"आपा, तुम्ही कुणाकडून?" कुणीतरी विचारलं.

"नुरपेरी म्हणते, कागदावर खाली एक चौकोन असतो, सगळ्यांच्या विरोधात असा," झुराकान आपा म्हणाली. "महिनाभर मी त्याच चौकोनात राहते आहे."

मग शर्यतीची वेळ झाली, आणि हसणं एकदम थांबलं.

झालं असं, की दोन्ही भावांनी आपापला धावणारा आधीच ठरवून आणला होता. सागिनालीने इंजिनियरच्या कचेरीतला एक काटकुळा, लांब टांगांचा तरुण आणला होता. मेदेरने पैलवानाच्या आखाड्यातला एक. दोघंही बूट बांधून कालव्याकाठच्या चिनाराखाली उभे राहिले. पुढे अंगणाच्या टोकाला जमखान्यावर बेकतूर, पायांत जाडजूड दोरी, एका हाताने नुरपेरीचं बोट धरलेलं, तोंडात बोरसोक.

बात्माने कढई ढवळायची थांबवली. म्हणजे आता पोराची चाल कुठल्यातरी कचेरीची होणार. आणि जो हरेल तो भाऊ सोमवारी पहाटेच पाया खणायला घेणार, इतकं तिला दिसत होतं. तिला स्वतःला धावायचं होतं. रात्री अंथरुणात तिने तो विचार करून पाहिला होता. पण कढई कोण बघणार, आणि मूल नसलेल्या बाईने पुढे झालेलं तुर्सुनाय मावशीसारख्यांना चालेल का, असं म्हणून तिने तो तिथेच मिटवला होता.

"थांबा," आपा म्हणाली. काठी टेकत ती चिनारापाशी गेली. "तू कोण रे?"

"मी प्रचारप्रमुखांचा—"

"गाणं म्हण आणि घरी जा. तू कोण?"

"आपा, मी आखाड्यातला—"

"तूही जा. जेवून जा, पण जा. परक्याच्या पायांनी माझा नातू चालायचा नाही. घरातल्यांनी धावायचं." तिने काठीने दोन्ही मुलांकडे बोट दाखवलं. "हे दोन घोडे आहेत की माझ्या घरात. महिनाभर फुरफुरताहेत."

"आपा, माझा गुडघा," सागिनाली म्हणाला.

"आपा, आत्ताच जेवलोय," मेदेर म्हणाला.

"गाढवाला पोस्टर चिकटवताना, फाडताना बरे होते गुडघे! धावा."

सगळं गाव दोन्ही बाजूंनी उभं राहिलं. पोटं पुढे, टोप्या मागे अशा थाटात दोघं निघाले. सुरुवातीला लाजत, दुडक्या चालीने. मग मेदेर हातभर पुढे गेला तसा सागिनाली खरोखर धावू लागला. लोक ओरडत होते. प्रचारबंदीचं भान कुणालाच राहिलं नव्हतं, अर्धे "चल इंजिनियर" म्हणत होते, अर्धे "उचल पैलवान", आणि नुरपेरी "गाणं! गाणं! सगळ्यांनी गाणं!" म्हणून नाचत होती. बात्मा हातातली मांसाची सुरी हलवत कढईशी उड्या मारत होती आणि कुणासाठी ओरडतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

दोघं फाटकातून अंगणात शिरले, बरोबरीने. आणि सफरचंदाच्या झाडाशी आल्यावर दोघांनीही एकाच वेळी टांग उंच उचलली आणि उडी मारली.

उडी कशावरून मारली ते कुणाला कळेना. तिथे काहीच नव्हतं. सागिनालीचा दुखरा गुडघा वाकडा पडला, त्याचा खांदा मेदेरच्या पोटात गेला, आणि दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून भुईवर लोळले. गाव हसून हसून खाली बसलं. कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर गेली ते त्यांनाही समजलं नाही. तसेच रांगत, धापा टाकत ते जमखान्यापाशी पोचले, आणि दोघांनी एकदमच बेकतूरच्या पायातल्या दोरीवर हात ठेवला.

"मी पहिला," सागिनाली म्हणाला.

"मी," मेदेर म्हणाला.

दोघांनी खिशातले चाकू काढले. सागिनालीने घासलं. दोरी कापली जाईना. मेदेरने घासलं. लोकर विसकटली, पण आतलं काहीतरी टणक होतं, चाकू त्यावरून सरकत होता. बेकतूर वरून दोघांच्या घामेजल्या डोक्यांकडे बघत होता. त्याने बोरसोकचा उरलेला तुकडा काकाच्या टोपीवर ठेवला.

"चांगली सुरी आणा रे कुणीतरी!" मावशी ओरडली.

चांगली सुरी बात्माच्या हातात होती. ती धावली. इतकी वजनदार बाई अशी धावताना गावाने कधी पाहिली नव्हती. ती जमखान्याशी पोचली तेव्हा तिच्यापुढे दोन हात पसरलेले होते, एक डावा, एक उजवा.

"बात्मा, मला दे."

"वहिनी, माझ्याकडे."

महिनाभर ती याच्याकडून त्याच्याकडे देत आली होती. निरोप, मीठ, कुऱ्हाड, टोमणे. तिने एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. बेकतूरने नुरपेरीचं बोट सोडलं आणि दोन्ही हात तिच्या वेणीकडे केले. बात्माला नुरपेरीकडे बघायचं धाडस होईना. तरी तिने बघितलं. नुरपेरीने हळूच मान हलवली.

बात्मा गुडघ्यांवर बसली आणि तिने एका झटक्यात दोरी कापली.

"अगं बाई," तुर्सुनाय मावशी म्हणाली, "पण हिला तर—"

"कापलं ते कापलं," झुराकान आपाचा आवाज चढला. "हिच्यासारखं चालेल पोर, हिच्यासारखं हसेल, आणि एक घर अंगावर घेऊन उभं राहील. याहून जास्त कुणाला काय पाहिजे? ओमीन!"

दुआ पुरी झाली तसे सगळ्यांचे तळवे चेहऱ्यांवरून फिरले. मावशीचेही फिरले.

मोकळा झालेला बेकतूर एक पाऊल टाकून थांबला. मग त्याने दुसरं टाकलं. सागिनाली आणि मेदेर जमिनीवर बसूनच बाजूला सरकले, पोर त्यांच्या मधून डुलत गेलं, सफरचंदाच्या झाडाला जाऊन थडकलं आणि तिथेच मटकन बसलं. लोकांनी बोरसोक आणि खाऊ उधळला. आणि झाडाकडे बघता बघता दोघा भावांच्या एकदमच लक्षात आलं, की झाड मोकळं आहे. फाटकाची खुंटीही मोकळी आहे.

"आपा," सागिनाली म्हणाला, "इथली दोरी कुठे गेली?"

"कापली की आत्ताच. तुमच्यासमोर." आपाने तुकडे उचलले. काळ्या लोकरीतून पांढरा नायलॉन चकाकत होता. "पांढरा धागा कमी पडला मला. दाराशी आयती चांगली दोरी ताणलेली होती, कुणाच्या उपयोगाची नव्हती."

बात्माने हातातली सुरी गवतावर ठेवली. दोन भाऊ मोकळ्या खुंटीकडे बघत राहिले.

मग सागिनालीने तोंड वळवलं आणि महिन्यात पहिल्यांदा सरळ धाकट्याकडे पाहिलं. "दोरी नव्हती तर तू उडी कशाला मारलीस?"

"तू मारलीस म्हणून मारली, दादा."

सागिनालीने हसू दाबायचा प्रयत्न केला. त्याच्या डोक्यावर मेदेरची टोपी होती आणि त्या टोपीवर ओला बोरसोक. मेदेरने तो उचलला आणि खाऊन टाकला, आणि मग दोघं असे हसत सुटले, की पोटं धरून पुन्हा आडवे झाले. सागिनालीचे डोळे वाहायला लागले.

"रडतोय!" मेदेर ओरडला. "बघा, रडतोय! उद्या मत कुणाला देणार ते कळलं!"

"म्हण गाणं!" नुरपेरी म्हणाली.

बात्माने झाडाशी जाऊन बेकतूरला उचललं. त्याने सवयीने तिच्या वेणीतली नाणी मुठीत धरली आणि डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. दिवसभराच्या गोंधळाने पोर पेंगुळलं होतं.

मागून नवऱ्याचा आवाज आला. "बात्मा, मेदेरला सांग, उद्या मतदान झाल्यावर त्या विटांचं काय करायचं ते—"

"तुमचं तुम्ही सांगा," बात्मा मागे न बघता म्हणाली. "माझ्या कडेवर मूल आहे."